मे महिन्यातली शेरवानी

उन्हाळ्यात मुंबईला जायचं असलं की अंगात काय घालावं, हे मोहल्ल्यातले लोक अब्दुर्रहमान यांनाच विचारत. चाळीस वर्षं भिवंडीत लूम चालवलेला माणूस. कापडाचा कोपरा दोन बोटांत चोळून ते सांगत, यात सूत किती आणि पॉलिस्टर किती. "फिकं घाला, सुती घाला, गळा मोकळा ठेवा," असं त्यांचं म्हणणं. "तिथली गरमी उन्हाची नाही, घामाची आहे. घामाला सुकायला जागा द्या." उमराच्या यात्रेला निघालेल्या शेजाऱ्यांपासून इंटरव्ह्यूला चाललेल्या पोरांपर्यंत सगळ्यांनी हे कधी ना कधी ऐकलं होतं.

म्हणून मे महिन्यातल्या त्या रविवारी सकाळी ते काळी, जाड, बंद गळ्याची शेरवानी घालून खोलीतून बाहेर आले, तेव्हा त्यांची सून अफीफा हातात चहाचा कप घेऊन तशीच उभी राहिली.

शेरवानी तिच्या ओळखीची होती. तिच्याच लग्नात शिवलेली. पण ते लग्न डिसेंबरात झालं होतं. आतून पूर्ण अस्तर, गळ्यापासून खाली नऊ बटणं, आणि नऊच्या नऊ लावलेली. अफीफाने पहाटे मलमलचा पांढरा कुर्ता इस्त्री करून त्यांच्या पलंगावर ठेवला होता. उघड्या दारातून तिला तो दिसला. घडीसुद्धा मोडली नव्हती.

"अब्बा, हे काय घातलंत? आज पारा बेचाळिसावर जाणार म्हणतायत. सकाळपासून मोबाईलवर इशारे येतायत."

"मुलीची तारीख ठरवायला चाललोय. लुंगीवर जाऊ?"

"लुंगी कोण म्हणतंय? तो मलमलचा…"

"मलमलमधून सगळं दिसतं," ते म्हणाले. मग आवाज जरा खाली आणून, "कुठलं कापड कधी घालायचं ते मला नको शिकवू, बेटा."

त्यांनी चहा उभ्यानेच घेतला. दोन घोट घेऊन कप परत दिला.

अफीफाने जास्त ताणलं नाही, आणि त्यामागे एक कारण होतं. गेले काही महिने तिला सासऱ्यांची काळजी वाटत होती. ईदच्या दिवशी नव्या कुर्त्यात ते हरवल्यासारखे दिसले होते. खांद्याची शिवण पार दंडावर आली होती. विचारलं तर म्हणाले, दर्जीने माप चुकवलं. आज मात्र शेरवानी अंगात नीट बसली होती. खांदे भरलेले, छाती रुंद. तिला वाटलं, चला, अंगात जरा मांस आलं. तिला बरंच वाटलं.

नणंद मारिया दाराशी आली. सत्तावीस वर्षांची, इथल्याच एका शाळेत गणित शिकवायची. माझगावच्या सुफियानशी तिचं जमलं होतं, आणि आज दुपारच्या जेवणाला जाऊन निकाहची तारीख पक्की करायची होती. रिवाजाप्रमाणे ती स्वतः जाणार नव्हती.

"अब्बा, निदान वरची दोन बटणं तरी उघडा."

"तिथून निघाल्यावर उघडतो," ते म्हणाले आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला. हात गरम होता. मारियाला ते जाणवलं, पण त्या दिवशी घरातली भांडीसुद्धा गरम लागत होती.

दोन वर्षांपूर्वी मारियाचं एक लग्न असंच ठरत आलं होतं. कल्याणचे लोक होते. तारीख ठरायच्या आठवड्यात तिची आई मेहरुन्निसा आजारी पडली आणि त्या लोकांनी अंगठी परत पाठवली. भांडण नाही, तंटा नाही. घरात आजारपण आहे, नंतर बघू, एवढंच म्हणाले. मेहरुन्निसा चार महिन्यांत गेली. तेव्हापासून अब्दुर्रहमान घरात कुणाला साधं मोठ्याने खोकूही देत नसत. कुणी तब्येत विचारली की "मजेत" म्हणून विषय बदलत.

दहाला गाडी निघाली. त्यांचा मुलगा, अफीफाचा नवरा नोमान चालवत होता, अब्दुर्रहमान त्याच्या शेजारी, अफीफा मागे. मिठाईचा डबा तिच्या मांडीवर.

"एसी लाव," ती म्हणाली.

नोमानने बटण फिरवलं. गरम वारा आला. "गॅस संपलाय वाटतं. काल दाखवायचा होता, राहून गेलं. काचा खाली करा."

काचा खाली केल्या. बाहेरची हवा आतल्यापेक्षा तापलेली होती. अंजूरफाट्यापर्यंत गाडी चालती राहिली म्हणून ती सोसली. दोन्ही बाजूला गोदामांचे पत्रे असे चमकत होते की तिकडे बघवेना. ट्रकखालच्या सावलीत कुत्री जीभ काढून पडली होती, आणि ट्रक सुरू झाला तरी उठत नव्हती. रस्त्यावर माणूस दिसत नव्हता. होते ते सगळे गाड्यांत.

कशेळीच्या अलीकडे सगळं थांबलं.

पुढे पुलावर एक लांब ट्रेलर आडवा झाला होता. नोमान उतरून थोडं पुढे जाऊन आला. "दीड-दोन तास तरी हलत नाही म्हणतायत. मागेही भरलंय. वळता येत नाही."

"माझगावला फोन कर," अब्दुर्रहमान म्हणाले. "उशीर होतोय म्हणून सांग. ट्रॅफिक आहे म्हण. दुसरं काही सांगू नको."

"दुसरं काय सांगणार?"

त्यांनी डोक्यावरची टोपी सारखी केली.

साडेअकरा झाले. डाव्या हाताला एक कंटेनर, उजव्या हाताला सिमेंटचा ट्रक, दोघांचीही इंजिनं चालू. त्यांचा धूर आणि धग सरळ खिडकीतून आत येत होती. अफीफाने बाटलीतलं पाणी पुढे केलं. अब्दुर्रहमाननी एक घोट घेतला आणि बाटली परत दिली. मागे बसल्यामुळे तिला त्यांची मान तेवढी दिसत होती. टोपीखालून घामाच्या धारा निघून गळपट्टीत जिरत होत्या. गळपट्टी ओली होऊन आणखीच काळी झाली होती.

"अब्बा, शेरवानी काढून मांडीवर ठेवा. पोचल्यावर घाला परत."

"नको."

"इथे कोण बघतंय?"

"नको म्हटलं ना!"

तो आवाज एवढ्या जोरात आला की नोमानने वळून पाहिलं. अब्दुर्रहमान दोन्ही हात मांडीवर ठेवून समोर बघत होते.

आणखी वीसेक मिनिटं गेली. अफीफा ओढणीने स्वतःचं तोंड पुसत होती. पुसावं तितकं परत भिजत होतं. मग तिचं लक्ष पुन्हा समोरच्या मानेकडे गेलं आणि तिथेच राहिलं.

मान कोरडी होती. टोपीखालून काही येत नव्हतं. कातडी लाल, कोरडी, आणि तिच्यावर मिठाचा पांढरा थर. ज्या हवेत तिच्या पापण्यांतून घाम टपकत होता, त्या हवेत त्या माणसाचा घाम थांबला होता.

"नोमान," ती म्हणाली. "अब्बांना घाम येत नाहीये."

"बरं मग?"

"बरं नाही. हात लाव त्यांना."

नोमानने कपाळाला हात लावला आणि लगेच मागे घेतला.

"मेहरुन," अब्दुर्रहमान अचानक म्हणाले. मेहरुन्निसाला ते याच नावाने हाक मारत. "मेहरुन, लूम बंद करायला सांग. डोक्यात वाजतायत."

नोमानने बापाचा चेहरा स्वतःकडे वळवला. डोळे उघडे होते, पण त्या डोळ्यांनी त्याला ओळखलं नाही.

"अब्बा, बटणं काढतो हं," म्हणत नोमानने गळ्याकडे हात नेला, आणि अब्दुर्रहमाननी त्या हातावर फाडकन मारलं. आयुष्यात त्यांनी मुलावर कधी हात उचलला नव्हता. दोन्ही मुठींनी त्यांनी शेरवानीची कड गळ्याशी आवळून धरली. "हात नको लावू. हात नको लावू कुणी." मग त्यांचे दात वाजले, अंगाला एक झटका आला, आणि मान छातीवर पडली. मुठी मात्र सुटल्या नाहीत.

अफीफा दार उघडून ओरडली. काय ओरडली ते तिला नंतर आठवलं नाही.

रस्त्याच्या कडेला निळी ताडपत्री बांधून एक बाई मासे विकायला बसली होती. खाडीच्या निवट्या, कोळंबी, बाजूला बर्फाचा थर्माकोलचा मोठा खोका. पन्नाशीची, हाडापेराने मजबूत. ती आरडाओरडा ऐकून उठली, गाडीपाशी आली, आत एकदा वाकून पाहिलं.

"कवापास्न असा हाय?"

"आत्ताच… बोलत होते…"

"उचला. माझ्या सावलीत घ्या. रघू! ए रघू, इकडं ये!" तिचा नवरा कंटेनरच्या मागून पळत आला. तिचं नाव काशी, हे अफीफाला नंतर कळलं. चौघांनी मिळून अब्दुर्रहमानना ताडपत्रीखाली आणलं आणि ओल्या गोणपाटावर निजवलं. अफीफा बाटली त्यांच्या तोंडाशी नेत होती, तर काशीने तिचा हात धरला.

"त्याला सुद न्हाय, बाय. तोंडात पानी वतू नको, छातीत जाईल. कापडं काढ आधी."

बटणं निघेनात. मुठी सुटेनात. काशीने मासे कापायची सुरी पाण्यात बुचकळली, शेरवानीच्या खालच्या कडेत घातली आणि वरपर्यंत चिरत आणली. अस्तर फाटल्याचा लांब आवाज झाला.

आत कुर्ता होता. कुर्त्याखाली लोकरीचा, बिनबाह्यांचा स्वेटर.

"ह्या गरमीत?" रघू म्हणाला.

स्वेटरखाली दोन बनियनं. बनियनांच्या खांद्यांवर नॅपकिनच्या घड्या शिवलेल्या होत्या, जाड पांढऱ्या दोऱ्याने, बाईमाणसाने घातले नसते असे वेडेवाकडे टाके. आणि बनियनांखाली छातीपासून कमरेपर्यंत घट्ट गुंडाळलेली कापडाची पट्टी. एक वेढा, दुसरा, तिसरा. काशी चिरत गेली आणि पट्टी उलगडत गेली. बगलेत सेफ्टी पिनांची ओळ. कापड नोमानने ओळखलं. त्यांच्याच लूमवरचं, खाकी, न धुतलेलं.

शेवटचा वेढा सुटला आणि खाली उरलेलं अंग दिसलं. बरगड्या एकेक मोजता येत होत्या. पोट आत गेलेलं. आणि डाव्या बरगडीखाली मुठीएवढा उंचवटा, वरची कातडी ताणलेली.

काशीने त्यावर नजर टाकली आणि आवाज खाली आणला. "ह्यो गोला आजचा न्हाय, बाय. ह्यो जुना हाय. ते डाक्टरला सांग. आता बरफ दे मला."

मासळीचा वास लागलेला तो बर्फ त्यांनी बगलेत, जांघेत, मानेखाली ठेवला. काशीने स्वतःचा पदर पाण्यात भिजवून अब्दुर्रहमानच्या छातीवर पसरला आणि अफीफाला ताडपत्रीच्या तुकड्याने वारा घालायला लावलं. शेजारच्या गाड्यांतून लोक बाटल्या घेऊन आले. मघाशी उघडं पडू नये म्हणून त्या माणसाने मुठी आवळल्या होत्या. आता पंधरा-वीस अनोळखी माणसं त्याच्याभोवती उभी होती. अफीफाने मध्येच ओढणी काढून त्या उंचवट्यावर टाकली. का टाकली, तिलाही सांगता आलं नसतं.

अफीफाच्या पर्समधला फोन वाजत राहिला. माझगावहून होता. कुणी उचलला नाही.

ट्रकवाल्यांना मागेपुढे सरकायला लावून वाट रघूने काढली. समोरून येणारी बाजू मोकळी पडत होती. तो त्या बाजूने, उन्हात, गाडीच्या पुढे पळत सुटला. ट्रकांच्या पत्र्यांवर हात आपटत, "मानूस हाय, मानूस मरतोय" ओरडत. अब्दुर्रहमानना मागच्या सीटवर निजवून नोमानने गाडी उलट्या बाजूने त्याच्या मागे घातली. पूल ओलांडेपर्यंत रघू पुढे होता. मग एका बाजूला झाला, गुडघ्यांवर हात ठेवून वाकला आणि नुसता हात हलवून "जा" म्हणाला.

ठाण्यातल्या हॉस्पिटलमध्ये त्यांना थेट आयसीयूत नेलं. तासाभराने एक तरुण डॉक्टरीण बाहेर आली.

"बर्फ कुणी लावला?"

"रस्त्यावरच्या एका बाईने."

"त्यामुळे वाचले. मूत्रपिंडांना झळ बसलीय, ते बघू. अजून दोन दिवस काही सांगता येणार नाही." तिने हातातला कागद उलटा केला. "त्यांची ट्रीटमेंट कुठे चालू आहे?"

"कसली ट्रीटमेंट?" नोमानने विचारलं.

डॉक्टरणीने कागद मिटला. मग तिने अफीफाकडे बघितलं. "तुम्हाला माहीत नाही?" ती हळूच म्हणाली.

फाईल मारियाला सापडली. त्याच संध्याकाळी हॉस्पिटलमधून घरी येऊन तिने अब्बांचं कपाट उघडलं, काही मिळालं नाही, मग आईची साड्यांची पेटी उघडली. तळाशी, हिरव्या शालूच्या घडीत, प्लास्टिकची फाईल होती. पहिल्या कागदावर जानेवारीची तारीख. जठराचा कॅन्सर, पसरलेला. खाली एका डॉक्टरच्या हाताने लिहिलेली ओळ: पुढच्या वेळी सोबत घरच्या माणसाला आणणे. पुढची वेळ आलीच नव्हती. त्यानंतर एकही कागद नव्हता.

मारिया पेटीजवळ जमिनीवर बसून राहिली. मागच्या गल्लीत लूम चालू होते, रोजच्यासारखे. पाच महिने हा माणूस रोज सकाळी त्याच आवाजात उठत होता, तिला डबा घेतलास का विचारत होता, आणि दार लावून एकटाच कपडे बदलत होता.

तिसऱ्या दिवशी अब्दुर्रहमान नीट शुद्धीवर आले. अंगावर हॉस्पिटलचा पातळ, मागून नाड्यांनी बांधायचा झगा होता. अफीफा शेजारी होती. त्यांनी आधी स्वतःच्या छातीकडे पाहिलं, मग तिच्याकडे. सगळ्यांना कळलंय, हे त्यांना विचारावं लागलं नाही.

"पावसाच्या आधी निकाह उरकला असता," ते म्हणाले. आवाज घोगरा, तुटक. "मग सांगणारच होतो."

"आणि ती शेरवानी? तुम्ही, अब्बा? तुम्ही असे कपडे घालून निघालात?"

"जेवायला बसल्यावर लोक माणसाच्या मनगटाकडे बघतात, बेटा. गळ्याकडे बघतात. मेहरुनच्या वेळेला बघितलं होतं ना मी. घरात पाऊल टाकलं आणि त्या कल्याणच्या बाईने आधी तिचा गळा बघितला." ते थांबले. "मला फक्त दोन तास जाडं दिसायचं होतं."

अफीफाला रडू आलं, पण तिने तोंड फिरवलं नाही.

माझगावला काय सांगायचं, यावर घरात बराच वेळ कुजबुज झाली. नोमानचं म्हणणं, ऊन लागलं एवढंच सांगू. मारियाने कुणाला न विचारता सुफियानला फोन लावला आणि सगळं सांगितलं. जानेवारीची तारीख, आजाराचं नाव, पट्टीचे वेढे, सगळं. मग सुफियान म्हणाला, "मी उद्या येतो बघायला. घरी बोलतो आणि येतो."

उद्या तो आला नाही. परवाही नाही. चौथ्या दिवशी त्याच्या आईचा मेसेज आला. आम्ही दुआ करतोय. सध्या तुम्ही त्यांच्याकडे लक्ष द्या. पाऊस संपल्यावर बघू.

मारियाने तो हॉस्पिटलच्या जिन्यात उभं राहून वाचला. दोनदा वाचला. मग फोन पर्समध्ये टाकला, नळावर तोंड धुतलं आणि वॉर्डात गेली.

"त्यांचा फोन आला?" अब्दुर्रहमाननी विचारलं. रोज विचारत होते.

"आला अब्बा. आधी बरे व्हा म्हणाले, तारखेची घाई नाही म्हणाले."

"सुफियान स्वतः बोलला?"

"हो."

त्यांनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. कापडाचा कोपरा बोटांत धरल्यावर बघायचे तसं, सावकाश, नीट. तिने नजर हलू दिली नाही. शेवटी तेच खिडकीकडे वळले. "चांगली माणसं आहेत," ते म्हणाले. त्यानंतर त्यांनी कधी विचारलं नाही.

जूनच्या पहिल्या आठवड्यात कॅन्सरच्या डॉक्टरांकडची पहिली वेळ मिळाली. आता सोबत घरची सगळी माणसं होती. पाऊस अजून आला नव्हता. ढग यायचे, अंधारून जायचं, आणि काही न होता परत ऊन पडायचं. ओपीडीत बाकांवर दाटी होती. बहुतेकांच्या अंगात मोठ्या मापाचे कपडे होते.

नाव पुकारलं गेलं. नर्सने भिंतीजवळच्या वजनकाट्याकडे बोट केलं. "चपला काढून उभे राहा काका. औषधाचं माप वजनावर ठरतं, म्हणून बरोबर पाहिजे."

नोमान आधार द्यायला पुढे झाला. अब्दुर्रहमाननी त्याला हाताने थांबवलं. चपला काढल्या, चष्मा काढून अफीफाच्या हातात दिला, खिशातला रुमालही काढून दिला. मग भिंतीला हात टेकून काट्यावर चढले आणि भिंतीवरचा हात सोडला.

आकडे थोडा वेळ हलत राहिले.

"एकेचाळीस," नर्सने मोठ्याने वाचलं. लिहून घेणाऱ्या मुलीला ऐकू गेलं नाही. "किती?" तिने विचारलं.

नर्स सांगणार, तेवढ्यात अब्दुर्रहमान स्वतःच म्हणाले, "एकेचाळीस. लिहा."